वीज आणि गडगडाट यांच्यामधला वेळ: घाबरलेल्या लेकरांना कसं सावरावं

ढग कडाडला की लहान मूल आधी दचकतं आणि दुसऱ्याच क्षणी आपल्या तोंडाकडे बघतं. आवाज मोठा होता हे त्याला कळलेलं असतं. तो धोक्याचा होता का, हे मात्र ते आपल्या चेहऱ्यावरून ठरवतं. हा लेख त्या क्षणासाठी आणि त्याच्या आगेमागे करायच्या तयारीसाठी आहे. पहिल्यांदाच आईबाप झालेले, सुट्टीत नातवंडं आलेले आजी-आजोबा, पाळणाघरात नव्याने लागलेल्या ताई, यांपैकी कुणालाही तो वापरता यावा.

हंगाम आधी लक्षात घ्या. महाराष्ट्रात विजांचा जोर वर्षातून दोनदा असतो: एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत वळवाच्या पावसात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात कोसळधार असते, पण गडगडाट त्या मानाने कमी. वळीव बहुतेक वेळा दुपारनंतर येतो, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढून ढग बांधत जाते. म्हणजे मूल दुपारच्या झोपेतून उठतं किंवा अंगणात खेळत असतं, नेमका तेव्हा. त्यात मे महिना म्हणजे मामाच्या गावी जाण्याचा. अनोळखी घर, वर पत्रा, आई दुसऱ्या खोलीत, आणि अचानक आभाळ फाटल्यासारखा आवाज. आपल्या घरी न घाबरणारं मूल तिथे भोकांड पसरतं, यात नवल नाही.

मूल नेमकं कशाला घाबरतं

सगळी मुलं एकाच गोष्टीला घाबरत नाहीत, आणि उपाय त्यावरच ठरतो. एखाद्याला फक्त आवाज सहन होत नाही. एखाद्याला आवाजाचं काही वाटत नाही, पण खोली क्षणभर पांढरी होते ते नको असतं. कुणाला लाइट जाण्याची धास्ती असते. कुणाला खिडक्या-दारं आपटण्याची, कुणाला बाहेर गेलेले बाबा अजून आले नाहीत याची. पत्र्याच्या घरात तर पावसाचाच आवाज इतका होतो की आपण काय बोलतोय ते मुलाला ऐकू येत नाही आणि धीराचे शब्द वाया जातात.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला सरळ विचारा, पण पर्याय देऊन: "आवाज नको वाटतो, का उजेड?" नुसतं "कशाला घाबरतोस?" विचारलं तर त्याला उत्तर सापडत नाही आणि प्रश्न रागाचा वाटतो. त्याहून लहान मुलाचे हात बघा. हात कानांवर गेले तर आवाज, डोळे घट्ट मिटले किंवा तोंड आपल्या खांद्यात खुपसलं तर उजेड.

आभाळ भरून आलं की: पहिली दहा मिनिटं

वारा पडतो, उकाडा वाढतो, मग एकदम गार वाऱ्याचा झोत येतो आणि धूळ उडते. त्या झोतापासून पहिल्या जोराच्या गडगडाटापर्यंत कधी पाच-दहा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाहीत. म्हणून क्रम पाठ असू द्या.

1. मुलं घरात. बाकी सगळं नंतर. दोरीवरचे कपडेही नंतर.

2. खिडक्या लावून त्यांच्या कड्या घाला. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराखाली पायपुसणं दुमडून ठेवा. दार आपटल्याचा आवाज घरातल्या घरात होतो, त्यामुळे कित्येकदा मूल ढगापेक्षा त्यालाच जास्त दचकतं.

3. टीव्ही, राउटर, मिक्सर, चार्जर यांच्या पिना बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात नको. एरवी घरात मोबाइल वापरायला हरकत नाही, त्याने वीज ओढली जात नाही. वायरचा जुना फोन असेल तर तो मात्र उचलू नका.

4. आंघोळ, हातपाय धुणं, भांडी घासणं थांबवा. जवळपास वीज पडली तर नळाच्या पाइपांतून आणि पाण्यातून झटका येऊ शकतो. मूल चिखलाने माखून आलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या.

5. बसायची जागा ठरवा. घराच्या आतल्या बाजूची खोली, खिडकीच्या लोखंडी गजांपासून आणि दारापासून लांब. काँक्रीटच्या भिंतीला टेकू नका, उघड्या फरशीवर लोळू नका. पलंगावर बसा, नाहीतर चटईवर गोधडी घालून.

6. पडदे ओढा आणि खोलीत एक दिवा चालू ठेवा. खोलीत उजेड असला की विजेचा लखलखाट डोळ्यांना कमी बोचतो, काळोख्या खोलीत तोच प्रकाश भिंतीवर चाबकासारखा बसतो. "झोपेल बिचारं" म्हणून सगळे दिवे घालवणं ही नेहमीची चूक आहे.

7. बॅटरी मुलाच्या हातात द्या, आपल्या नाही. लाइट गेली तर उजेड त्याच्या अंगठ्याखाली असेल. घाबरलेलं मूल आणि गोधडी जवळ असताना मेणबत्ती नको.

खाऊबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. रडणं थांबावं म्हणून मुलाच्या हातावर शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवायची पद्धत घरोघरी आहे. पण ढग कडाडला की मूल दचकून आत श्वास ओढतं, आणि तोंडातला दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. चार वर्षांखालच्या मुलांना हे दाणे एरवीही देऊ नयेत, विजा चमकताना तर नाहीच. केळं द्या किंवा मऊ शिरा, तोही बसवून, एकेक घास.

हवामानाचा इशारा आधी मिळवायचा असेल तर 'दामिनी' हे अ‍ॅप मोबाइलवर घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ते तयार केलं आहे आणि आपल्या आसपास विजा पडत असतील तर ते कळवतं. फक्त एक करा: मुलासमोर दर दोन मिनिटांनी ते उघडून कपाळाला आठ्या घालू नका. मूल अ‍ॅप वाचत नाही, आठ्या वाचतं.

गडगडाट सुरू झाल्यावर

दचकणं ही शरीराची क्रिया आहे. ती समजावून थांबत नाही. म्हणून पहिला अर्धा मिनिट समजावणं बाजूला ठेवा.

मुलाला उचला किंवा त्याच्या उंचीला बसा. त्याचा एक कान आपल्या छातीला लागेल असं धरा आणि दुसऱ्या कानावर आपला तळवा ठेवा. हलकेच झाका, दाबू नका. आता एका कानाला तुमच्या छातीचे ठोके आणि आवाज, दुसऱ्याला जाडसर शांतता. कुशीत घेताना मिठी पक्की असावी. सैल मिठीत मूल आणखी चुळबुळतं.

मग थोपटा. इथे बहुतेकांची गत एकच होते. आपण स्वतः घाबरलेले असतो, त्यामुळे थोपटण्याचा वेग नकळत वाढतो, आणि मुलाच्या पाठीला आपली घाई कळते. सेकंदाला एक थाप, याहून जलद नको. तळवा पसरट ठेवा, बोटांच्या टोकांनी टपटप करू नका. सात-आठ थापांनंतर तुमचाही श्वास संथ होतो.

आवाज खालच्या पट्टीत ठेवा आणि वाक्यं छोटी. "मी इथेच आहे. ढगाचा आवाज होता. आपण घरात आहोत." एवढीच तीन वाक्यं, हवी तितक्यांदा. पत्र्याखाली ओरडून बोलावं लागत असेल तर बोलूच नका. कपाळाला कपाळ लावा आणि गुणगुणा, गुणगुणल्याची कंपनं हाडातून पोचतात.

रडं ओसरलं की श्वासाकडे या. "खोल श्वास घे" हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. "ही गरम पेज आहे, फुंकर घाल" हे कळतं. तुमचा तळवा वाटीसारखा त्याच्या तोंडापुढे धरा. फुंकर लांब हवी, श्वास घेण्यापेक्षा सोडणं जास्त वेळ चालायला हवं. चार-पाच फुंकरी पुरे. मूल भराभर फुंकू लागलं तर त्याला गरगरतं, तेव्हा म्हणा, "हळू, पेज सांडेल."

मोजणं: सगळ्यात उपयोगी गोष्ट

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. वीज आधी दिसते, आवाज मागून येतो. उजेड जवळजवळ त्याच क्षणी पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. म्हणजे लखलखाट ही आवाजाची आगाऊ सूचना आहे. मुलाला भीती वाटते ती आवाज अचानक आदळतो म्हणून, आणि खरं तर बहुतेक वेळा तो अचानक नसतोच. मधले काही सेकंद मुलाच्या हाती दिले की त्याची वाट बघण्याची तऱ्हाच बदलते.

साधारण साडेतीन वर्षांपासून हे जमतं. पद्धत अशी:

वीज चमकली की तुम्ही म्हणा, "चमकली! आता आवाज येणार. मोजूया." मग दोघांनी मिळून, बोटं मुडपत: "एक आंबा, दोन आंबे, तीन आंबे..." प्रत्येक आंब्याला साधारण एक सेकंद जातो. पाऊस नसताना घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर दोन-तीनदा म्हणून बघा, म्हणजे तुमचा वेग बसेल. गडगडलं की मूल जोरात म्हणतं, "आला!" हे "आला" महत्त्वाचं आहे. आवाज त्याने पकडला, आवाजाने त्याला नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाला पुढचं गणितही आवडतं. आंब्यांना तिनाने भागलं की किलोमीटर. बारा आंबे म्हणजे चार किलोमीटर, म्हणजे इथून अमक्या गावाच्या वेशीएवढं लांब. तुमच्या भागातल्या ओळखीच्या खुणा आधीच ठरवून ठेवा.

यात चुकतं ते असं. वादळ जवळ येत असेल तर आकडे घटत जातात: दहा, सात, चार. हुशार मुलाला ते लगेच कळतं आणि मोजणंच भीतीचं कारण होतं. पाचाच्या आत आलं की मोजणं सोडा. कान झाका, कुशीत घ्या, फुंकरीवर या. डोक्यावर असलेल्या विजेला मधला वेळच नसतो, तिथे हा खेळ चालत नाही. आवाज पुन्हा लांबू लागले की मोजायला घ्या आणि म्हणा, "बघ, आंबे वाढायला लागले. ढग निघाला." हा भाग मुलांना फार सुखाचा वाटतो.

मोठ्यांसाठी सुरक्षेचं गणित वेगळं आहे. चमक आणि आवाज यांत 30 सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर बाहेर कुणीही असू नये. आणि गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते एवढ्या अंतरात आहेच, हे धरून चाला.

खेळाचा दुसरा प्रकार म्हणजे ढगाला उत्तर देणं. मुलाला रिकामा पत्र्याचा डबा आणि लाकडी उलथनं द्या. ढग वाजला की त्यानेही वाजवायचं. चार-पाच वर्षांची मुलं यात रमतात. मात्र हे रडं पूर्ण थांबल्यावरच, आणि रात्री झोपेतून उठलेल्या मुलाबरोबर अजिबात नको, त्याची झोप मोडून बसेल. आवाजाचाच त्रास असलेल्या मुलाला डबा देऊ नये, हे ओघाने आलंच.

तान्हं बाळ

चार ते सहा महिन्यांपर्यंतची बाळं मोठ्या आवाजाला दोन्ही हात झटकन बाहेर फेकतात, बोटं फाकतात, मग हात आत ओढून रडतात. ही उपजत प्रतिक्रिया आहे, बाळ "घाबरट निघालं" असं काही नसतं. अंगावर पाजायला घ्या, किंवा दोन्ही हात त्याच्या छातीवर एकत्र धरून ठेवा. हात झटकले गेले नाहीत की बाळ पुष्कळदा झोपेतून उठतही नाही.

कानांत कापसाचे बोळे घालू नका. बोळा आत सरकतो, नाहीतर निघून बाळाच्या तोंडात जातो. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर जड गोधडी किंवा दुलई नको, तोंडावरून पांघरूण तर कधीच नको. पाठीवरच झोपवा. आवाज बोथट करायला पंखा एक खटका वाढवला तरी फरक पडतो, सततच्या घरघरीत गडगडाट थोडा विरतो.

आठ-नऊ महिन्यांपासून पुढे वर्षभर मुलाला आपण दिसेनासे होण्याचीच भीती जास्त. या वयात त्याला खोलीत ठेवून खिडक्या लावायला पळू नका. कडेवर घेऊनच फिरा आणि बोलत राहा: "ही खिडकी लावली. आता ती लावू."

काय सांगावं, काय सांगू नये

"ढगातली म्हातारी हरभरे भरडतेय" असं सांगून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलांना शांत केलंय. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ते आजही चालतं, आवाजाला एक ओळखीचं कारण मिळतं, जात्याची घरघर आणि ढगाची घरघर जुळते. पण मुलाने "म्हातारी खाली पडेल का?" असं विचारलं की गोष्ट बदलायची वेळ आली. तेव्हा खरं सांगा, चार वाक्यांत: "ढगात वीज तयार होते. ती चमकते तेव्हा आजूबाजूची हवा एकदम खूप तापते. तापलेली हवा झटकन फुगते, त्याचा आवाज होतो. आपण पक्क्या घरात आहोत." मोठ्या मुलाने "लांबचा ढग घरघरतो आणि जवळचा कडाडतो, असं का?" म्हणून विचारलं तर सांगा की विजेची रेघ कित्येक किलोमीटर लांबीची असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्या टोकाचा मागून, म्हणून तो लांबत जातो.

"वीज काही करत नाही" हे खोटं आहे, ते सांगू नका. दरवर्षी वीज पडून माणसं आणि गुरं दगावतात, आणि गावातल्या मुलाला ते माहीत असतं. तुमचं हे वाक्य खोटं निघालं की बाकीची खरी वाक्यंही गेली. "घरात धोका खूप कमी असतो, म्हणून आपण घरात आलो" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

"भित्रा कुठला", "मुलगा असून रडतोस", "बघ, ताई रडते का?" यांनी रडं थांबलेलं दिसतं, कारण मूल ते गिळतं. पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येत नाही, पलंगाखाली जातं. "जेव, नाहीतर वीज येऊन नेईल" अशी धमकी एकदा जरी दिली असेल तर ती परत घ्या, स्पष्ट शब्दांत: "मी चुकीचं बोलले होते. वीज कुणाला न्यायला येत नाही."

आणि पायाळूपणाचं. पायांकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते हा समज आपल्याकडे अजून बोलला जातो, अनेकदा त्या मुलाच्या देखतच. "पायाळू आहे, त्याला बाहेर सोडू नका." पाच वर्षांच्या मुलाच्या मनात याचा अर्थ काय होतो, विचार करा: वीज मलाच शोधतेय. जन्म कसा झाला याचा विजेशी काडीचाही संबंध नाही. उंच जागा, एकटं झाड, उघडं रान, पाणी यांच्याशी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आदराने पण ठामपणे सांगा, "आजी, त्याच्यासमोर हे बोलू नका, तो रात्रभर जागतो." आणि मुलाने ऐकलं असेल तर त्यालाही त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा.

आपल्यालाच विजेची भीती वाटत असेल तर? लपवायचा आटापिटा नको, मुलांना ते कळतं. "मलाही दचकायला झालं. मी फुंकर घालते, तूही घाल." एवढं म्हटलं तरी घाबरल्यावर पुढे काय करायचं हे त्याला दिसतं. आणि खरोखर हातपाय कापत असतील तर त्या वेळेपुरतं मूल घरातल्या दुसऱ्या शांत माणसाकडे द्या.

रात्रीचं वादळ

झोपेतून दचकून उठलेलं मूल अर्धवट जागं असतं. मोठा दिवा लावू नका, प्रश्न विचारू नका, गोष्टी सांगत बसू नका. लहान दिवा, पाण्याचे दोन घोट, पाठीवर हात आणि तीच तीन वाक्यं. वेगळं झोपणारं मूल असेल तर त्याच्याच अंथरुणावर जाऊन बसा, जमलं तर तिथेच आडवे व्हा. आपल्या खोलीत आणलं तरी आभाळ कोसळत नाही, फक्त सकाळी सांगा की ते वादळापुरतं होतं, आणि पुढच्या कोरड्या रात्री त्याच्या जागी झोपवा.

अंथरूण ओलं झालं तर मुकाट्याने चादर बदला. सकाळी त्याचा विषयही नको.

बाहेर सापडलात तर

धीर देणं आणि जीव वाचवणं इथे एकत्र येतं, आणि जीव आधी. मुलाला उचला आणि तडक पक्क्या इमारतीत किंवा काचा वर केलेल्या, लोखंडी छताच्या मोटारीत जा. मांडव, उघडा गोठा, बसथांब्याची शेड, झाड यांखाली थांबू नका. दुचाकीवर असाल तर गाडी सोडून इमारतीत शिरा. पळताना "पळ, पळ, वीज पडेल!" असं ओरडू नका, "घरात जाऊया, घट्ट धर" म्हणा. हात धरून ओढण्यापेक्षा कडेवर घेतलेलं मूल कमी घाबरतं आणि तुम्ही लवकर पोचता.

वळवाच्या वाऱ्यात आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो आणि न घाबरणारी मुलं नेमकी तिकडेच धावतात. घाबरणाऱ्याला धीर द्यायचा आणि धीटाला आवरायचं, ही दोन्ही कामं एकाच नियमाने होतात: "गडगडलं की घरात." घरातल्या सगळ्यांना लागू, काकांनासुद्धा. कैऱ्या शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटांनी. पाऊस थांबला म्हणजे विजा थांबल्या असं नसतं.

कुणाला वीज लागलीच तर त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही, हात लावायला भिऊ नका. 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा.

कोरड्या दिवसांतला सराव

भीती खरी कमी होते ती वादळ नसताना. मार्चमध्ये सुरुवात करा.

काळोख्या खोलीत बॅटरीचा खेळ खेळा. मुलाने बॅटरी लावून विझवायची, तुम्ही आंबे मोजायचे, मग त्यानेच "धडाम" म्हणायचं. वीज त्याची, ढगही तोच. आठवड्यातून दोन-तीनदा, पाच मिनिटं.

ते रुळलं की मोबाइलवर गडगडाटाचा आवाज लावा, सगळ्यात खालच्या पातळीवर. आवाजाचं बटण मुलाच्या बोटाखाली असलं पाहिजे. त्याने वाढवलं तर वाढेल, बंद केलं तर बंद. रोज पाच मिनिटं, दोन-तीन आठवडे. मूल अजून मजेत असतानाच थांबा. इथे हमखास बिघडवणारी गोष्ट म्हणजे कुणीतरी गंमत म्हणून एकदम आवाज वाढवतं. पंधरा दिवसांची मेहनत एका सेकंदात जाते, आणि फोनचीही भीती बसते ती वेगळीच.

फुगून फुटणाऱ्या हवेचा आवाज दाखवायला कागदी पिशवी फुगवून मुलालाच फोडायला द्या. केसांवर फुगा घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग मात्र थंडीच्या कोरड्या दिवसांत करा. पावसाळ्याच्या दमट हवेत कपटे हलतही नाहीत आणि मूल हिरमुसतं.

वादळानंतर लगेच त्याच्याशी दोन मिनिटं बोला. "शूर आहेस" यापेक्षा त्याने काय केलं ते सांगा: "तू कान झाकलेस आणि माझ्याजवळ येऊन बसलास, ते बरं केलंस." चित्र काढायचं असेल तर खडू द्या. ढगाला दात काढले तरी काढू द्या.

पाळणाघर आणि अंगणवाडी

एक मूल रडलं की दहा रडतात. पहिल्या गडगडाटाला सगळ्यांना मधल्या सतरंजीवर गोल बसवा, रडणारं मूल ताईच्या मांडीवर, त्याच्या शेजारी शांत मूल. बाहेर किंवा व्हरांड्यात कुणी राहिलं नाही ना, हे मोजून घ्या. आईवडील न्यायला आले तरी जवळ गडगडत असताना मुलांना दुचाकीवरून जाऊ देऊ नका, त्यांनाही आत बसवा. रोज न्यायला येणाऱ्याला उशीर होणार असेल तर मुलाला खोटी वेळ सांगू नका. "पाऊस थांबला की बाबा येतील" हे पाळता येतं, "पाच मिनिटांत" हे नाही.

काही मुलांचे कान एरवीही फार नाजूक असतात, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये हे बरंच दिसतं. त्यांना मिठी नको असू शकते. कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन, अंधारासा ओळखीचा कोपरा आणि कमीत कमी बोलणं लागतं. काय चालतं ते पालकांना एप्रिलच्या आधी विचारून लिहून ठेवा.

डॉक्टरांकडे केव्हा

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना गडगडाटाची भीती वाटणं सर्वसाधारण आहे आणि वाढत्या वयाबरोबर ती बहुतेकांची ओसरते. पण निरभ्र दिवशीही मूल सतत आभाळाकडे बघत असेल, ढग दिसला म्हणून शाळेत जात नसेल, पावसाळा सरल्यावरही झोप आणि जेवण बिघडलेलं असेल, किंवा हे सहा महिन्यांच्या वर चाललं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जवळ वीज पडलेली किंवा घरात पाणी शिरलेलं पाहिलेल्या मुलासाठी एवढं थांबू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

जाण्याआधी पंधरा दिवस वहीत टिपण ठेवा: कोणत्या दिवशी, किती वाजता, आभाळ कसं होतं, मुलाने काय केलं, किती वेळात शांत झालं, तुम्ही काय केलं होतं. "फार घाबरतो" एवढ्या सांगण्यापेक्षा डॉक्टरांना त्या वहीतून पुष्कळ कळतं.